मोकळा वेळ विचारू नको, बसायची जागा विचार

सत्तरी तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने मुक्तीपूर्व गोव्यातले रोजचे जगणे आणि विरंगुळा हा विषय घेतला. पुस्तकांत तिला शिगमो आणि कार्निव्हाल हे सण, मांडो हे गाणे, तियात्र हे कोंकणी नाटक, सगळे सापडले, पण आपल्या गावातला एखादा साधा मंगळवार कुठेच सापडला नाही. म्हणून तिने आजीला विचारले, ‘तुम्ही मोकळ्या वेळात काय करायचा?’ आजी म्हणाली, ‘मोकळो वेळ? आमकां खंयचो गे, बाय?’ आणि उठून चुलीकडे गेली. आता लिहायचे काय, असे ती विचारते.

बाय, तुझी आजी खरे बोलली. तिचे ते वाक्य जसेच्या तसे प्रकल्पाच्या पहिल्या पानावर घाल.

मी शाळामास्तर. गेली अठ्ठावीस वर्षे सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी उतरवून घेतो. आधी कॅसेटवर, आता फोनवर. सुरुवातीची दोन-तीन वर्षे मीही हाच प्रश्न विचारत होतो. पुरुष सांगायचे नाटक, भजन, जत्रा. बायका कामे सांगायच्या. माझ्या वह्या सणांच्या नावांनी भरल्या आणि सगळ्या गावांचा इतिहास सारखाच दिसू लागला.

मग डिचोली तालुक्यात एका मे महिन्यात एका आजीकडे बसलो होतो. पुरुमेंताचे दिवस, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायची घाई. ती सोलां, म्हणजे आमसुले, करत होती. भिंडांच्या, म्हणजे कोकमांच्या, साली उन्हात टाकायच्या, मिठाच्या रसात बुडवायच्या, पुन्हा उन्हात टाकायच्या, असे काळ्या पडेपर्यंत चालते. बोलणे पुढे सरकेना म्हणून मी सहज विचारले, ‘पूर्वी हे कुठे बसून करायचात?’ आणि ती दीड तास थांबली नाही. कोणाच्या खळ्यात सावली जास्त वेळ राहायची, तिथे कोण कोणाशेजारी बसायची, कोणाची सासू आली की बोलणे बदलायचे, गोष्टी कोण रंगवून सांगायची, कोणत्या बाईला खळ्याच्या कडेलाच बसावे लागे आणि का. त्यात गाणी होती, उखाणे होते, एक फसलेले लग्न होते, भरपूर हसणे होते. या सगळ्याला ती मोकळा वेळ म्हणाली नसती, कारण हात रिकामे नव्हते. पण विरंगुळा होता, आणि तो त्या जागेत होता.

तेव्हापासून मी जागा विचारतो. कुठे बसायचात, कोण बसायचे, कोण उभे राहायचे, दिवा कोण लावायचे, उठून जायची वेळ कशावरून कळायची. घड्याळ थोड्या घरांत होते. देवळाचा चौघडा, इगर्जीची म्हणजे चर्चची घंटा, सांजवात, कोंबडा, भरती-ओहोटी, एवढ्यावर दिवसाचे तुकडे पडत. जमेल तिथे त्या गावाचा आणि घराचा हाताने नकाशा काढ आणि त्यावर माणसे बसव. हे काम रटाळ वाटेल, पण प्रकल्पाचा कणा तोच होईल.

घरापासूनच सुरू कर. ख्रिस्ती घरांच्या दारापुढे बाल्कांव असतो: चार-पाच पायऱ्या, वर छप्पर आणि समोरासमोर बांधलेले दोन सोपे, म्हणजे बसायचे कट्टे. संध्याकाळी घरची माणसे तिथे बसत, रस्त्याने जाणाऱ्याशी बसल्या जागेवरून बोलत. पर्यटनाच्या पुस्तकांत या बाल्कांवाचे कौतुक पुष्कळ आहे. पण तिथे बसायचे कोण, हे विचार. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, सोप्यावर त्याच्या जमिनीत घर करून राहणारा मुंडकार बसत नसे. तो पायरीखाली उभा राहून बोलायचा आणि काम झाले की जायचा. हिंदू वाड्यांतही तेच, फक्त भिंती वेगळ्या. बाहेरच्या ओसरीवर पुरुष आणि पाहुणे, आत राजांगणाभोवती बायका, मागच्या दारी कामाला आलेली माणसे. घराच्या रचनेतच विरंगुळ्याची वाटणी झालेली दिसते. मे महिन्यात वाड्यावाड्यावर खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लादाईन ही सामूहिक प्रार्थना व्हायची आणि अजून होते. प्रार्थना संपली की उकडलेले चणे आणि घोटभर फेणी. वाड्यावरचे सगळे एका जागी येण्याचे ते एक ठिकाण. तिथेही कोण पुढे, कोण मागे, हे आठवणारी माणसे अजून आहेत.

तावेर्नवर, म्हणजे दारूच्या दुकानावर, फार वेळ घालवू नको. तिथे पुरुष बसत, काजूच्या हंगामात जास्त बसत, हे सगळ्यांना माहीत आहे. मात्र घरात त्या वेळी कोण वाट पाहत होते, त्या बाजूने विचारलेस तर नवे काही मिळेल.

आता मांड. तू सत्तरीची आहेस, म्हणून यावर थांबतो.

पौष महिना. भात कापून, मळून घरात आलेले. रात्री थंड. गावाने ठरवलेल्या एका अंगणात किंवा मोकळ्या जागी मांड असतो. तो शेणाने सारवतात, दिवा लावतात. जेवणे आटोपली, मुले निजली की बायका तिथे जमतात आणि पाच, सात, नऊ अशा गावाच्या रिवाजाप्रमाणे रात्री धालो चालतात. दोन रांगा समोरासमोर, एकमेकींच्या कमरेला हात घालून. एक रांग गात गात पुढे वाकते, दुसरी मागे सरते, मग उलट. गाण्यात धरतरी असते, माहेर असते, गावचे देव असतात. नंतर फुगड्या. शेवटच्या रात्री सोंगे निघतात: बायका पुरुषांचे कपडे घालतात, शिकारी होतात, गावातल्या पुरुषांच्या चाली आणि बोलण्याच्या ढबी उचलतात. मांडावर पुरुषाने पाय ठेवायचा नाही. मला हे सारे बायकांनी सांगितले तेवढेच ठाऊक आहे. मी कडेच्या रस्त्यावरून ऐकले आहे, मांडावर गेलेलो नाही. तुला तिथे उभे राहता येते. माझ्यासारख्याला अठ्ठावीस वर्षांत मिळाले नाही ते तुला एका रात्रीत मिळेल.

वर्षभर सासरच्या माणसांसमोर मान वर न करणारी सून त्या रात्री सासऱ्याच्या चालीची नक्कल करते, सगळ्या बायका हसतात, आणि सकाळी तीच सून त्याच सासऱ्याला न्याहारी वाढते. त्या हसण्यावर कोणी रागावत नसे, कारण ते मांडावर झाले. आजीला हे विचारताना ‘धालो म्हणजे काय’ असे विचारू नको. ती तुला शाळेत सांगतात तसे सांगेल. ‘तू रांगेत कितवी असायचीस? उजवीकडे कोण? कोणाचे सोंग केलेस?’ असे विचार.

एक गोष्ट मात्र नीट समजून घे. सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा हा नव्या काबिजादीचा मुलूख. तो पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेला. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी त्याआधी दोनशे-अडीचशे वर्षे त्यांच्याकडे होते आणि तिथे 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, होते. 1736 साली इन्क्विझिशनने एक फर्मान काढले. नव्या ख्रिस्ती लोकांनी काय काय करू नये, याची ती यादी आहे. लग्नात ओव्या गाऊ नयेत, दारात तुळस ठेवू नये, मीठ न घालता भात शिजवू नये, पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी वापरू नये. मी विद्यार्थ्यांना ही यादी उलट वाचायला लावतो. धर्म बदलून पिढ्या गेल्या तरी बायका लग्नात ओव्या गातच होत्या, म्हणून तर बंदी घालावी लागली. रोजच्या जगण्याबद्दल इतका बारीक कागद त्या काळातला दुसरा मिळणे कठीण, आणि तो लिहिणाऱ्यांना ते जगणे मोडायचे होते. मोडले का? लग्नातल्या ओव्या ख्रिस्ती घरांत पुढेही राहिल्या. ख्रिस्ती गावडा समाजात धालो राहिले. शिवोलीच्या जागर या रात्रीच्या लोकनाट्यात आजही हिंदू आणि ख्रिस्ती दोघे असतात. चांदरच्या मुसळखेळात ख्रिस्ती पुरुष कार्निव्हालच्या दिवसांत हातात मुसळे घेऊन नाचतात. जे राहिले ते बहुतेक करून गावाच्या जागेला बांधलेले होते: मांडाला, खळ्याला, एखाद्या चौकाला.

पुरुषांकडे येऊ. गोव्यातल्या हिंदू पुरुषांचा मोठा विरंगुळा उत्सवी नाटक. 1910 साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, हिंदूंवरची बंधने सैल झाली, मराठी शाळा आणि वाचनालये निघाली, 1912 पासून ‘भारत’सारखे पत्र निघू लागले, आणि देवळांच्या उत्सवांत संगीत नाटक जोरात सुरू झाले. पण नाटकाची रात्र वर्षातून एक-दोनदा. खरा विरंगुळा तालमीचा, कारण ती दोन-दोन महिने रोज चालायची.

तालीम देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, नाही तर एखाद्याच्या पडवीत. पेट्रोमॅक्स भाड्याने आणायची ती नाटकाच्या रात्रीपुरती. तालमीला कंदील पुरे. पेटीमास्तर शेजारच्या गावातून चालत येणार, म्हणून त्याच्या जेवणाची पाळी लावलेली. प्रॉम्प्टरकडे हाताने उतरवलेली वही. ती वही म्हणजे तुझ्यासारखीला खजिना आहे. एका घरात मला अशी वही पाहायला मिळाली. समासात पात्रांच्या जागी गावातल्या माणसांची नावे, काही नावे खोडून दुसरी लिहिलेली, कारण तो माणूस मुंबईला गेला. शेवटच्या पानांवर हिशेब: रॉकेल, चहापूड, साखर, पान-सुपारी, रंगाचे सामान, पडद्याच्या गाडीचे भाडे. चहापूड आणि साखर पुन्हा पुन्हा आलेली. त्या दोन शब्दांवरून रात्री किती लांबायच्या हे कळते. गावात अशी वही कोणाच्या पेटाऱ्यात आहे का, आधी तेच शोध.

पण त्या पडवीची दुसरी बाजू मला एका आजीने दाखवली. तिला तीन-चार नाटकांतली पदे ताना-मुरक्यांसकट पाठ होती. मी विचारले, इतकी नाटके पाहिलीत? ती म्हणाली, एकही धड पाहिले नाही. तालीम तिच्या सासरच्या पडवीत व्हायची आणि ती भिंतीच्या आत बसून तांदूळ निवडायची. दोन महिने रोज ऐकले तर पाठ होणारच. स्त्री-पार्टी करणारा मुलगा एका जागी सतत चुकायचा, हे तिला आत बसून कळायचे, पण बाहेर येऊन सांगता यायचे नाही. पन्नास वर्षांनी तिने ते पद मला बरोबर गाऊन दाखवले आणि चूक कुठे व्हायची तिथे हात वर केला. नाटकाच्या इतिहासात ही बाई कुठेच नाही. तुझ्या गावातही अशी एक तरी नक्की असेल, आणि कदाचित ती तुझ्याच घरात असेल.

तालमीबद्दल आणखी एक. पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या दशकांत सभा घ्यायला मोकळीक नव्हती. 18 जून 1946 रोजी राममनोहर लोहिया मडगावात बोलायला उभे राहिले आणि त्यांना अटक झाली, हे आपण शाळेत शिकतो. अशा काळात वीस-पंचवीस माणसांनी दोन महिने रोज रात्री एका पडवीत जमणे ही केवळ हौस होती, असे मला वाटत नाही. कितीतरी म्हाताऱ्यांनी सांगितले आहे की बाहेरच्या बातम्या तालमीतच कानावर पडायच्या.

आता एक अवघड गोष्ट, आणि ती गाळू नको. एकाचा विरंगुळा हे दुसऱ्याचे पोट होते. देवळातले गाणे-नाचणे कलावंतिणींनी करायचे, पालखीपुढे, मखरापुढे, यजमानांच्या बैठकीत. याच समाजातून मोठे गायक आले. केसरबाई केरकर केरीच्या, जन्म 1892. मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या, जन्म 1904. मास्टर दीनानाथ मंगेशीचे, जन्म 1900. केसरबाईंचा आवाज 1977 साली व्हॉयेजर यानावरच्या ध्वनिमुद्रिकेतून अंतराळात गेला, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटावाच. पण ज्या समाजातून हे गाणे आले, त्या समाजातल्या मुलींना घर-संसाराचा हक्क नाकारला होता. पुढे त्याच समाजाने गोमंतक मराठा समाज म्हणून संघटना उभारली, मुलींना शाळेत घातले, जुनी प्रथा स्वतः मोडली. गावात कोणाकडे याबद्दल विचारायचे झाले तर आधी परवानगी घे, नावे लिहू नको, आणि कोणी बोलायचे नाही म्हटले तर तिथेच थांब.

मुंबईशिवाय आपल्या विरंगुळ्याचा इतिहास पुरा होत नाही. पहिला तियात्र गोव्यात झाला नाही. तो 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला, लुकाझिन रिबेरो आणि त्यांच्या सोबत्यांनी केला. धोबीतलाव, माझगाव भागांत गावागावाच्या कुडी, म्हणजे त्या गावच्या माणसांची सामायिक बिऱ्हाडे, होत्या. बोटीवर जाणारे तारवटी, आचारी, वाजंत्री तिथे राहत, एकत्र तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत आणि घरच्या आठवणी काढत. तियात्र त्या घरापासून तुटलेल्या माणसांतून उभा राहिला आणि मग गोव्यात आला. साष्टीत कार्निव्हालच्या दिवसांत जमनीवेले खेळ व्हायचे. मंच नाही, पडदा नाही, घरापुढच्या जमिनीवरच. फुटबॉलही असाच बाहेरून आला. 1883 साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्रीने शिवोलीत तो सुरू केला. पुढे भात कापलेले शेत हेच मैदान झाले, आणि पेरणी आली की खेळ बंद.

ऋतूप्रमाणे जागा बदलत गेल्या, हे टिपत जा. चवथीला घराघरांत घुमट आरत्या. घुमट हे वाद्य मातीचे, त्याच्या तोंडाला पूर्वी घोरपडीचे कातडे असायचे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्यावर बंदी आली, आता बकऱ्याचे लावतात. 2019 साली सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. जुने वाजवणारे म्हणतात नाद बदलला. सुंवारी, म्हणजे घुमटांचे समूहवादन, ऐकताना तो फरक मलाही जाणवतो, तरी घोरपड वाचली हे बरेच झाले. आषाढात माशेलात चिखलकालो, म्हणजे चिखलातले खेळ, जूनच्या 24 ला सांजांव या ख्रिस्ती सणाला डोक्यावर कोपेल, म्हणजे फुला-पानांचा मुकुट, घालून विहिरीत उड्या. श्रावणात वास्कोला सप्ताह, रात्रभर रस्त्याने पार, म्हणजे भजनी मेळे, निघतात. धिरयो म्हणजे बैलांच्या झुंजी, त्यांवर नव्वदच्या दशकात उच्च न्यायालयाने बंदी आणली. शेताच्या बांधावर गर्दी करून त्या पाहणारी माणसे अजून तुला भेटतील.

पुस्तकांत तुला फक्त सणच का सापडले, याचे कारण मला असे दिसते. मुक्तीनंतर विरंगुळा रस्त्यावर आणि मंचावर आला. पूर्वीचा इंत्रूज, म्हणजे गावातला कार्निव्हाल, वाड्यावाड्यात पीठ, रंग, अंडी उडवत चालायचा. 1965 पासून पणजीत कार्निव्हालची चित्ररथांची मिरवणूक सुरू झाली. शिगम्याच्याही मिरवणुका शहरांत निघू लागल्या. धालो आणि फुगड्यांच्या स्पर्धा होऊ लागल्या, परीक्षक आले, वेळ ठरली, सगळ्यांना सारख्या साड्या आल्या. यातून पुष्कळ गाणी टिकली, मुलींना मंच मिळाला, हे मी नाकारत नाही. पण पुस्तक लिहिणाऱ्यांनी जे पाहिले ते मंचावरचे. मंचावर दोन्ही रांगा प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या राहतात. मांडावर त्या एकमेकींकडे तोंड करून असतात. एवढा एक फरक तू नीट मांडलास तरी तुझा प्रकल्प वेगळा ठरेल.

कागदपत्रांसाठी पणजीचे पुराभिलेख खाते आणि मध्यवर्ती ग्रंथालय. हे ग्रंथालय 1832 पासूनचे आहे. तिथे जुनी वृत्तपत्रे बघ. ‘ओ हेराल्दो’ 1900 पासूनचे आहे. पोर्तुगीज येत नसेल तर जाणत्या माणसाला सोबत ने. अग्रलेखापेक्षा जाहिराती आणि उत्सवांच्या सूचना आधी पाहा: पेटीची विक्री, ग्रामोफोन, फेस्ताची, म्हणजे चर्चच्या उत्सवाची, गाडी किती वाजता सुटणार. रोजचे जगणे तिथे छापलेले असते. शेतीची आणि घरातली अवजारे डोळ्यांनी पाहायची तर बाणावलीच्या गोवा चित्र संग्रहालयात जा.

आणि मे महिन्यात सांग्याला कुर्डीला जाऊन ये. साळावली धरणाखाली गेलेला हा गाव पाणी उतरले की वर येतो. उठवलेली माणसे देवळाच्या आणि कपेलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, उत्सवाला तिथे जमतात. मी दोनदा गेलो. घरांच्या भिंती नाहीत, जोते उरलेत, पायऱ्या उरल्यात. सत्तरेक वर्षांची एक बाई नातवंडांना घेऊन आली होती. स्वयंपाकघर कुठे होते हे तिला नक्की सांगता येईना. पण चिखल वाळून तडे गेलेल्या त्या जमिनीवर ती एका दगडापाशी गेली, पदराने तो पुसला आणि बसली. म्हणाली, ‘हांगा आमी बसताली. म्हजी जागा ही.’ मग शेजारच्या दगडाकडे बोट करून कोण तिथे बसायची ते सांगू लागली.

पौषाला अजून अवकाश आहे. तोवर आजीबरोबर मांडापर्यंत एकदा चालत जा, संध्याकाळी, तिचे काम आटोपल्यावर. काही विचारू नको. ती कुठे उभी राहते ते बघ, आणि घरी आल्यावर नकाशावर तिथे तिचे नाव लिही.